हणमंतचा दगड

लाइट गेली तेव्हा पंढरीनाथकाका जेवून सुपारी कातरत बसले होते. लखनौतल्या निशातगंजच्या त्या गल्लीत लाइट जाण्याचं कुणाला नवल नव्हतं. पाच मिनिटांत वरच्या मजल्यावरची भावंडं, मृणाल आणि उल्हास, मेणबत्ती मागायला खाली आली आणि मेणबत्ती मिळाल्यावरही तिथेच रेंगाळली. १९८८ साल, सतरा नोव्हेंबर, गुरुवार. रात्रीचे साडेनऊ वाजले असतील.

"काका, कोई भूतवाली सुनाइए ना," उल्हास म्हणाला.

"भूतवाली मला येत नाही. खरी येते. आणि मग जिना एकट्याने चढायचाय हं तुला. मागच्या वेळी आईला हाका मारत होतास."

"वो तो मैं मज़ाक कर रहा था!"

"हो हो. मजेनेच रडत होतास." काकांनी कंदिलाची वात जराशी खाली केली. "आज तारीख काय, माहीत आहे का रे?"

"सत्रह," मृणाल म्हणाली.

काकांचा अडकित्ता थांबला. मग सुपारी न खाताच त्यांनी डबा बंद केला.

"बसा," ते म्हणाले.

•

गोष्ट गोपीनाथ वझलवारची. मूळचा वर्ध्याकडचा, पण लखनौत इतकी वर्षं काढलेली की भाजीवाल्याशी भांडायचा तेव्हा 'आप' म्हणून भांडायचा. याच खोलीत राहायचा तो, बायको वसुधा आणि तो. मी तेव्हा वर, तुमच्या घरात. मी एका इन्स्टिट्यूटमध्ये रसायनं ढवळायचो आणि हा एका सरकारी ऑफिसात डोंगरातली खनिजं शोधायचा. वर्षातले सहा महिने तंबूत. हुशार माणूस, पण घाई फार. समोरचा बोलत असताना हा मनात पुढचं वाक्य तयार करत असायचा.

१९७९ची दिवाळी झाली आणि त्याला पहाडात पाठवलं. पिथौरागढच्या पलीकडे, रस्ता संपल्यावर अर्धा दिवस चालत गेलं की एक ओढा लागतो. त्याचं नाव तामगाड. गाड म्हणजे तिकडे ओढा, आणि ताम म्हणजे तांबं. त्या ओढ्याच्या काठाने पूर्वी तांबं काढणाऱ्यांच्या तीन वस्त्या होत्या. गोपीनाथ गेला तेव्हा घरांना छपरं नव्हती. भिंती उभ्या, आत झाडं वाढलेली, आणि जिकडेतिकडे भट्टीतून निघालेल्या काळ्या मळीचे ढीग. एकच म्हातारा तिथे उरला होता, गुसाईराम. त्याचे आजे-पणजे त्याच खाणीत उतरलेले.

गोपीनाथबरोबर दोन पहाडी मजूर होते आणि हणमंत होता. हणमंत सातारकडचा, पलटणीतून निवृत्त होऊन या ऑफिसात लागलेला. त्याचं काम सोपं. साहेबाने जिथला दगड नमुना म्हणून घेतला, तिथे तांबड्या रंगाने नंबर घालायचा. म्हणजे पुढे कुणालाही कळावं की इथून काहीतरी नेलं आहे. ऑफिसचा नियम इंग्रजी आकड्यांचा. पण हणमंत मराठी आकडे काढायचा, ठसठशीत, शाळेच्या फळ्यावर काढावेत तसे. गोपीनाथ रागवायचा, हणमंत 'व्हय साहेब' म्हणायचा आणि पुढचा आकडा पुन्हा मराठीतच काढायचा.

ओढ्यापासून थोडं वर एक जुनं भुयार होतं. फार नाही, चाळीस पावलं आत गेलं की समोर अखंड कातळ. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. हे लक्षात ठेवा, चाळीस पावलं.

त्या भुयाराच्या तोंडाशी दगडांची एक रास होती. शेवाळलेले सतरा-अठरा दगड. गुसाईरामने हणमंतला त्या राशीचा रिवाज सांगितला. आत जाणाऱ्याने आपला एक दगड राशीवर ठेवायचा आणि बाहेर आल्यावर आपला आपण उचलायचा. संध्याकाळी रास बघितली की कळायचं, आत अजून कोण आहे. दुसऱ्याच्या दगडाला कुणी हात लावायचा नाही.

"और ये जो पड़े हैं?" हणमंतने विचारलं.

"जो नहीं निकले, उनके हैं," गुसाईराम म्हणाला.

हणमंत गावचा माणूस. ज्या रानात जावं तिथल्या देवाला हात जोडावेत, एवढं त्याला कळत होतं. त्याने ओढ्यातला एक दगड निवडला, लिंबाएवढा, हिरवागार, तांब्याचा अंश असलेला. रोज आत जाताना तो राशीवर ठेवायचा आणि बाहेर आला की खिशात घालायचा. एका रात्री जेवताना त्याने हे सगळं साहेबाला सांगितलंही. गोपीनाथ तेव्हा डायरी लिहीत होता. तो "हं" म्हणाला.

पुढे कितीतरी वर्षं तो मला सांगायचा, "पंढरीनाथ, मी हं म्हणालो रे. ऐकलं होतं मी. कानांनी ऐकलं होतं."

सोमवारी, बारा तारखेला, सकाळी ऑफिसची तार आली. आठवड्याअखेर मीटिंग आहे, चांगले नमुने घेऊन ताबडतोब या. हे काम पुढे चालणार की गुंडाळणार, ते त्यावर ठरणार होतं. गोपीनाथने भराभर सामान बांधलं. निघताना हणमंतला सांगावं म्हणून तो भुयारापाशी गेला. हणमंत आत मापं घेत होता.

राशीवर, अगदी वर, तो हिरवा दगड होता. सकाळचं ऊन पडून लखलखत होता.

गोपीनाथला काय दिसलं? नमुना दिसला. अख्ख्या मोसमात असा दगड त्याच्या हाती लागला नव्हता. त्याने उचलला, पिशवीत टाकला, पिशवीवर नंबर लिहिला. दोनशे तेरा. आणि आत तोंड करून ओरडला, "हणमंत, मी निघालो रे! आठ दिवसांत येतो!"

"बरं साहेब!" आतून आवाज आला.

मग पुन्हा, "बरं साहेब." आणि आणखी एकदा. आणि आणखी... भुयारात आवाज घुमतोच. गोपीनाथ उतरायला लागला होता.

•

बुधवारी तो लखनौला पोचला. नमुने ऑफिसात दिले. मीटिंगमध्ये तो हिरवा दगड सगळ्यांनी हातात घेऊन बघितला, काम पुढे चालवायचं ठरलं आणि मोठ्या साहेबांनी गोपीनाथची पाठ थोपटली. शनिवारी रात्री आम्ही इथेच बसून चहा प्यायलो. मी वर गेलो तेव्हा साडेदहा झाले होते. तो खुशीत होता.

शनिवार, सतरा नोव्हेंबर. अमावास्या दोन दिवसांवर होती. पाऊस नाही, धुकंही नाही, कोरडी थंडी.

सव्वादोनला गोपीनाथला जाग आली.

काही आवाज झाला असं नाही. उलट फार शांत होतं. निशातगंजात रात्री कुत्री असतात, रिक्षावाले खोकतात, लांबून गाडीची शिटी येते. त्या वेळी काहीच नव्हतं. तो पाणी प्यायला उठला आणि याच दाराशी आला तेव्हा त्याला ऐकू आलं. बाहेर पाणी ठिबकत होतं.

टप... टप...

"साहेब."

गोपीनाथने आवाज ओळखला. आणि खरं सांगू? तो घाबरला नाही. त्याला आनंद झाला. वाटलं, हणमंत काही निरोप घेऊन आलेला दिसतो.

"अरे हणमंत! तू कसा काय? थांब, उघडतो."

"नका उघडू साहेब."

गोपीनाथचा हात कडीवर होता. तो तिथेच राहिला.

"आत ये की. थंडी आहे."

"आत नको." मग जरा थांबून, अगदी हळू... "आतच हाय मी."

गोपीनाथला कळेना. दाराच्या फटीतून गार हवा येत होती. गल्लीची नव्हती ती. ओल्या दगडाचा वास होता तिला. मातीखालचा.

"साहेब, माझा दगड द्या."

"कुठला दगड?"

"हिरवा. राशीवरचा. त्याबिगर बाहेर येता येत न्हाई."

आता त्याला आठवलं. ते जेवण, ती डायरी, ते 'हं'. सगळं एकदम आठवलं. दाराला धरून तो उभा राहिला.

दगड नव्हता रे, पोरांनो!

मीटिंग झाल्यावर नमुन्याचं काय करतात? तपासणीसाठी दळतात. शुक्रवारी दुपारी ऑफिसातल्या यंत्रात तो दगड घातला होता. आधी तुकडे, मग रवा, मग पीठ. दोनशे तेरा नंबरच्या कागदी पुडीत तेवढं पीठ उरलं होतं. गोपीनाथनेच सही केली होती, 'दळा' म्हणून.

"हणमंत... हणमंत, तो... तो दळला रे. काल."

बाहेर फक्त ठिबकणं.

टप.

टप.

"हणमंत?"

गोपीनाथ वाट बघत राहिला. हणमंतने शिवी दिली असती तर बरं झालं असतं, रडला असता तरी बरं झालं असतं. दुसरा दगड आणतो म्हणावं, तर दुसऱ्या दगडाचा उपयोग काय? असा किती वेळ गेला कुणास ठाऊक.

मग हणमंतने विचारलं. रागाने नाही. आपला माणूस वाट विचारतो तसं.

"मग मी बाहेर कसा यायचा, साहेब?"

गोपीनाथ रडत होता.

एक ठोका ऐकू आला. लोखंडाचा, दगडावर. एकच.

मग कुत्री भुंकायला लागली.

वसुधा उठून आली तेव्हा हा कडीला धरून जमिनीवर बसलेला. तिने दार उघडलं. गल्लीत कुणी नव्हतं. पायरी ओली होती, पाण्याचे ओघळ गटारापर्यंत गेले होते. मला वरून बोलावलं. मी आपला म्हणालो, वरची टाकी गळत असेल. टाकी गळत नव्हती, ते मलाही माहीत होतं. पण काहीतरी बोलावं लागतं.

रविवारी पावणेनऊला तार आली. तारघर पहाडात एक दिवसाच्या चालीवर, त्यात ती कुठे अडकली देव जाणे. 'हणमंत सोमवारी भुयारात गेला. बाहेर आला नाही. शोधलं. आत कोणी नाही.'

चाळीस पावलं. पुढे कातळ. शोधायला जागा तरी कुठे होती!

•

गोपीनाथने ऑफिस उघडायला लावलं, ती पुडी घेतली आणि निघाला. मी म्हटलं, मी येतो. तो नको म्हणाला. मंगळवारी संध्याकाळी तो तामगाडच्या काठावर होता. पोलीस येऊन गेले होते. भुयारात त्यांनी कंदील फिरवले, कातळ ठोकून पाहिला. कुठे पोकळ नाही, कुठे पडझड नाही. दोघे मजूर ओढ्यापलीकडे जाऊन बसले होते, इकडे यायला तयार नव्हते.

गुसाईराम राशीपाशी बसला होता.

गोपीनाथने त्याला सगळं सांगितलं. पुडी उघडून दाखवली. हिरवट पीठ.

म्हाताऱ्याने बोट बुडवून बघितलं. "ये तो आटा है, बाबूजी. इसे कौन उठाएगा?"

"मैं रख देता हूँ वापस. यहीं. जहाँ था."

"रख दो."

गोपीनाथने पुडी राशीवर रिकामी केली. वारा आला आणि पीठ उडून ओढ्याकडे गेलं. दोघे बघत राहिले.

"आदमी अंदर था और पत्थर उठ गया," गुसाईराम म्हणाला. "पहाड़ ने समझा, निकल गया. जो निकल चुका, उसको रास्ता कौन देगा?"

"फिर क्या करूँ? कुछ तो होगा!"

म्हाताऱ्याने मान हलवली आणि राशीकडे बोट केलं. "ये किसका है, आप जानते हो? शनीचर की शाम तक नहीं था. परसों सुबह ही देखा."

परसों, म्हणजे रविवारी सकाळी.

शेवाळलेल्या दगडांवर एक नवा तुकडा होता. तांबूस. एक बाजू घासून गुळगुळीत झालेली, दुसरी ताजी फुटलेली. गोपीनाथ दगडांचा माणूस, त्याला लांबूनच कळलं. हा मिर्झापूरकडचा दगड. त्या डोंगरात काय, आसपासच्या चार जिल्ह्यांत तो मिळणार नाही. आमच्या लखनौत मात्र घरोघरी आहे. जिन्याला, ओट्याला, पायरीला.

तो पुढे झाला. म्हाताऱ्याने त्याचा हात धरला.

"एक बार उठाया न आपने? अब मत उठाना. जिसने रखा है, वही उठाएगा."

"कब?"

"वो जाने, पहाड़ जाने."

तीन दिवस गोपीनाथ त्या राशीसमोर बसून होता. आत जाऊन हाका मारायचा. पहिल्या दिवशी त्याचाच आवाज परत यायचा. तिसऱ्या दिवशी तोही येईना. चौथ्या दिवशी मजुरांनी त्याला धरून खाली आणला.

घरी पोचला, तो आत न येता पायरीशीच थांबला. वसुधा म्हणाली, "अहो, तो कोपरा रविवारीच फुटलेला दिसला मला. तुम्ही घाईत होतात. पोरांनी काहीतरी आपटलं असेल."

कोपरा फुटलेला नव्हता. काढलेला होता. हातोडीच्या एका घावात, सफाईने. आणि फुटक्या जागेवर तांबड्या रंगात आकडा होता. ठसठशीत, मराठीत. २१४.

इथून काहीतरी नेलं आहे, कळावं म्हणून.

•

ऑफिसने अपघात म्हणून कागद मिटवले. हणमंतची बायको नंदा सातारहून आली होती. तिने एकच विचारलं, "भुयार चाळीस पावलांचं, मग माणूस जातो कुठं साहेब?" गोपीनाथने तिला सगळं खरं सांगितलं. तिला वाटलं, साहेबाचं डोकं फिरलंय. ती परत गेली. कुंकू मात्र तिने पुसलं नाही.

गुसाईराम दर दोन-तीन महिन्यांनी शाळामास्तराकडून पोस्टकार्ड लिहवून पाठवायचा. त्यात दोनच शब्द, 'पत्थर है.' गोपीनाथ ते कार्ड हातात घेऊन तासभर बसायचा. त्याची नागपूरला बदली झाली तेव्हा मी खालची जागा घेतली. त्यानेच घ्यायला लावली. पायरी दुरुस्त करू नकोस म्हणाला, कोपरा तसाच राहू दे. कार्डं मग माझ्याकडे यायची आणि मी पुढे पाठवायचो. शेवटचं कार्ड पंच्याऐंशीच्या मार्चमध्ये आलं. गुसाईराम गेला असणार.

पुढच्या वर्षी गोपीनाथही गेला. वसुधावहिनींनी कळवलं, शेवटच्या दिवसांत सारखं विचारत होता, "बाहेर आला का तो?" त्याला काय सांगणार? हो म्हणून खोटं सांगावं, तर तेही कुणाला जमलं नाही.

आता तो दगड तिथे आहे की कुणी लाथेने उडवला, कोण बघणार! मी म्हातारा झालो. दर सतरा नोव्हेंबरला पायरी धुतो, उदबत्ती लावतो. आणखी काय करता येतं?

•

काका थांबले. कंदील फडफडत होता. गल्लीत कुठेच दिवा नव्हता.

"काका," उल्हास बारीक आवाजात म्हणाला, "हम तो रोज़ उसी सीढ़ी से आते-जाते हैं."

"रोज बघता ना मग? उजव्या हाताचा कोपरा?"

"वही टूटा हुआ? वो तो पता है." उल्हासने पाय वर घेतले.

मृणाल मात्र धीट होती. तिने टॉर्च उचलला. "मैं नंबर देखके आती हूँ. आज तक ध्यान से नहीं देखा."

दाराची कडी वाजली. टॉर्चचा उजेड पायरीवर फिरला.

"काका?"

"काय गं?"

"टूटा कहाँ है? ये तो... पूरा है."

काका हसले. "दुसरीकडे बघतेस तू. उजवीकडचा."

"उजवीकडचाच बघतेय," मृणाल म्हणाली. एरवी कधी मराठीत उत्तर देत नसे ती.

काका उठले. कंदील घेऊन दारापर्यंत गेले. संध्याकाळी, अंधार पडायच्या आधी, त्यांनी स्वतःच्या हाताने ती पायरी धुतली होती. तो कोपरा तेव्हा नऊ वर्षं जसा होता तसाच होता, तुटका.

आता पायरीला चारही कोपरे होते.

मृणालने बोट लावलं. कोपरा हलला. तिने उचलला तसा तो सहज हातात आला, तांबूस, एका बाजूने गुळगुळीत, आणि त्याच्याखाली कंदिलाच्या उजेडात तो आकडा दिसला. पायरी केव्हाच वाळली होती. तुकड्यातून मात्र पाणी गळत होतं, मृणालच्या मनगटावरून, कोपरापर्यंत.

"काका, बहुत ठंडा है..."

काकांनी गल्लीत पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. त्यांचे ओठ हलले, हणमंतचं नाव घेतल्यासारखे. कुणी ओ दिली नाही.

"ठेव," ते म्हणाले. "होता तिथे ठेव, बाळ. तो त्याचा आहे."